जिप्सीचा मधला क्रॉस सारखा जातोय? नवा आणण्याआधी हे तपासा

दोन उन्हाळ्यांमागे माझ्या जिप्सीच्या मधल्या शाफ्टचा क्रॉस एकाच सीझनमध्ये तीनदा गेला. (शाफ्ट म्हणजे इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा फिरता दांडा; क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला चार दांड्यांचा तुकडा, ज्यामुळे शाफ्ट वाकून फिरू शकतो.) पहिला मार्चच्या सुरुवातीला, दुसरा एप्रिल संपता संपता आणि तिसरा त्यानंतर वीसएक दिवसांत. तिसऱ्या वेळी गाडी ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात होती. मागे सहा पाहुणे, बाजूला गाइड, डोक्यावर चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन. एका छोट्या चढावर पहिला टाकून क्लच सोडला, खालून ‘खडाक्’ आवाज आला आणि इंजिन फिरतंय पण गाडी जागची हलेना. कोअरमध्ये पाहुण्यांना खाली उतरवता येत नाही आणि आपणही पाना घेऊन गाडीखाली शिरायचं नसतं. दुसऱ्या जिप्सीने दोर लावून ओढत बाहेर आणलं. गेटवरची पोरं आठवडाभर ‘काय भाऊ, आज दोर घेतला का?’ विचारत होती.

तोवर क्रॉसची कंपनी बदलून झाली होती, दुकान बदलून झालं होतं, मिस्त्रीही बदलला होता. उपयोग शून्य. शेवटी चंद्रपुरातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी तुटका क्रॉस हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, “क्रॉस कायले बदलवून राहिला बावा, त्याले कोण तोडून राहिलं ते पाय ना.” तिथून माझा शोध सुरू झाला. ज्यांच्या गाडीला हाच रोग लागलाय त्यांच्यासाठी तो सगळा इथे मांडतोय. उदाहरण जिप्सीचं आहे, कारण मोहर्लीला (ताडोब्याच्या गेटवरचं गाव) माझ्या दारात तीच उभी असते. पण जीप, थार, बोलेरो फोर-बाय-फोर यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. त्यांच्यात ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गिअरबॉक्सलाच जोडलेला असल्यामुळे मधला शाफ्ट नसतो, एवढाच फरक.

आधी कोणता शाफ्ट ते पक्कं करा

जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा, चेसिसवर रबरांच्या आधाराने लटकलेला असतो. त्यामुळे शाफ्ट तीन: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर हा आखूड मधला, ट्रान्सफर ते मागची हौसिंग (दोन चाकांमधला आस), आणि ट्रान्सफर ते पुढची हौसिंग. प्रत्येकाला दोन क्रॉस, म्हणजे एकूण सहा. ‘खालून आवाज येतो’ एवढं ऐकून बरेचसे मिस्त्री मागच्या शाफ्टला हात घालतात, कारण तो काढायला सोपा. आवाज राहतो तसाच आणि तुमचा दिवस जातो.

जिप्सीत मात्र नुसत्या लिव्हरवरून चोर पकडता येतो. चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा, हँडब्रेक ओढा आणि ट्रान्सफरची लिव्हर न्यूट्रलला ठेवा. आता गिअरबॉक्स तिसऱ्यात टाकून क्लच सोडा. गाडी हलणार नाही. पुढचा आणि मागचा शाफ्ट उभे राहतील, फिरेल तो फक्त मधला. हळूहळू रेस वाढवा. चिवचिव किंवा थरथर याच वेळी आली तर शंका मधल्या शाफ्टवर. खात्रीसाठी गिअरबॉक्स न्यूट्रल करून तेवढीच रेस द्या. आवाज तसाच असेल तर शाफ्टचा दोष नाही, इंजिनकडे बघा. या चाचणीत शाफ्टवर भार नसतो, त्यामुळे थोडासा ढिला क्रॉस यातून निसटू शकतो. त्याला हाताने तपासणं आलंच, ते पुढे सांगतो.

मग पुढचे हब (पुढची चाकं आसाला जोडणारी कुलुपं) फ्री करून टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवा. आता मधला आणि मागचा फिरतात, पुढचा उभा असतो. त्यानंतर कच्च्या सरळ रस्त्यावर हब फ्रीच ठेवून फोर-एच (चारही चाकांचा जोर) टाका. पुढचा शाफ्ट आता भाराविना फिरायला लागतो. टू-एचमध्ये नसलेला आवाज इथे आला तर तो पुढच्याचा. (काही जण पूर्ण सीझन हब लॉकवरच ठेवतात, कशाला उतरा म्हणून. त्यांचा पुढचा शाफ्ट गरज नसताना रोज फिरतो आणि रोज झिजतो.)

थरथरीवरूनही थोडा अंदाज येतो. जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये हाय रेंजलासुद्धा १.४०९ चं रिडक्शन आहे, लोमध्ये २.२६८. म्हणजे हायमध्ये मागचा शाफ्ट एक फेरा मारेपर्यंत मधल्याचे जवळजवळ दीड फेरे होतात. त्यामुळे मधल्याची थरथर बारीक असते आणि गिअर लिव्हरच्या दांड्यात जाणवते. मागच्याची जाडसर असते, ती मागच्या सीटवरच्या पाहुण्याच्या पाठीत जाते.

वळणावर पुढून ‘कट-कट-कट’ येत असेल तर क्रॉसचा विचारच सोडा. जिप्सीच्या पुढच्या चाकांपाशी क्रॉस नसतो, गोळ्यांचा सीव्ही जॉइंट असतो. तो वेगळा विषय.

आता हाताची तपासणी. गाडी सपाटीवर, गुटके लावलेले, गिअर आणि ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रल, इंजिन बंद. क्रॉसच्या अलीकडचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा तुकडा) एका हातात, पलीकडचा दुसऱ्या हातात धरा आणि उलटसुलट पिळा. दोन्ही योक मिळून हलले तर तो गिअरचा प्ले, जुन्या गाडीत थोडा असतोच. एक थांबला आणि दुसरा हलला तर क्रॉस गेला. मग शाफ्ट वर-खाली दाबून बघा, कपात (क्रॉसच्या दांडीवरची वाटी, तिच्या आत बेअरिंगच्या बारीक सुया असतात) उभी ढिल आहे का. आणि कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली तर पिळायचीही गरज नाही. ती गंजलेल्या सुयांची भुकटी असते. आमच्याकडे लाल मातीत ती चटकन ओळखू येत नाही, म्हणून आधी चिंधीने पुसा आणि दोन फेऱ्यांनंतर परत बघा. पूड पुन्हा आली तर ती मातीची नाही.

निघालेला क्रॉस फेकू नका, वाचा

मी पहिले दोन क्रॉस भंगारात टाकले, ही माझी सगळ्यात मोठी चूक. क्रॉस मरताना सगळं लिहून ठेवतो. रॉकेलमध्ये धुवा, उन्हात धरा आणि चारही दांड्यांवरून नख फिरवा.

दांडीवर सुयांच्या जाडीच्या समांतर खाचा पडल्या असतील, नख अडकत असेल, तर एकतर क्रॉसवर झेपण्यापलीकडे जोर येत होता, नाहीतर कोन जास्त होता. खाचा दांडीच्या एकाच बाजूला खोल असतील तर जोर सतत एकाच दिशेने पडत होता. दांडी निळसर-काळी पडलेली असेल तर ती ग्रीसविना जळली. चारपैकी तीन दांड्या चकचकीत आणि एकच गंजलेली, तर त्या एका कपात ग्रीस पोचत नव्हतं किंवा त्याचं सील फाटून पाणी शिरलं होतं. पृष्ठभागावरून खपल्या निघाल्या असतील तर धूळ आत गेली. दांडीच्या टोकावर, म्हणजे कपाच्या तळाला जिथे टेकते तिथे, ओरखडे आणि पुटं चढलेली असतील, तर बसवताना चूक झाली किंवा योक वाकलेला आहे. आणि क्रॉस सरळ दोन तुकडे होऊन निघाला, तुटलेला भाग दाणेदार आणि ताजा दिसतोय, तर तो एका फटक्याने गेला. चिखलात रुतलेली चाकं जोरात फिरत असताना अचानक कोरड्या दगडावर पकड मिळते तेव्हा हे होतं.

माझा तिसरा क्रॉस तुटलेला होताच, पण चारही दांड्यांवर सुयांच्या खाचा होत्या. म्हणजे तो त्या चढावर मेला नव्हता, तीन आठवडे मरत होता. ग्रीस ताजं होतं, सील शाबूत. राहिला कोन.

कोनाची भानगड

शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो तो रॉबर्ट हूक आठवतो? युनिव्हर्सल जॉइंटला इंग्रजीत त्याचंही नाव आहे. या जॉइंटचा जन्मजात दोष असा की तो वाकून फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग स्थिर असला तरी दुसऱ्या बाजूचा राहत नाही. कोन २० अंश असेल आणि शाफ्ट मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पलीकडचा वेग ९४० आणि १,०६४ यांच्यात झोके घेतो, आणि तेही एका फेऱ्यात दोनदा. १० अंशांना हाच झोका ९८५ ते १,०१५ एवढाच. कोन दुप्पट झाला की झोका चौपट होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं.

हा झोका मारायचा एकच उपाय आहे: शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन उलटा द्यायचा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. दोन, गाडीत शाफ्टच्या अलीकडची फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात ती चकती) आणि पलीकडची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात. यातलं एक जरी बिघडलं की झोका हौसिंगपर्यंत जातो आणि वाटेतल्या दोन्ही क्रॉसना रोज हजारो वेळा हातोडी बसते.

पहिली गोष्ट बिघडते ती बहुतेक आपल्याच हाताने. मागच्या आणि पुढच्या शाफ्टला मध्ये सरकणारा जोड असतो, खाचांवर पुढेमागे होणारा. ग्रीस भरायला किंवा धुवायला तो वेगळा केला आणि एक-दोन खाचा इकडेतिकडे बसवला की योकांची रेषा चुकली. शाफ्ट बसतो, गाडी चालते, कुणाला काही दिसत नाही. ४० च्या पुढे घुमायला लागते आणि महिन्या-दोन महिन्यांत क्रॉस जातो. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी पांढऱ्या पेंटची रेघ मारा: फ्लँजवर, योकवर, सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंवर. खडू चालत नाही, डिझेलने धुतल्यावर शोधत बसाल. आधीच्या माणसाने चूक केली असेल अशी शंका असेल तर शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघा. जवळच्या योकच्या मागे लांबचा योक बरोबर झाकला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट बिघडते ती हौसपायी. मोठे टायर, जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी), लांब शॅकल (पाटा टांगणारी कडी). गाडी उंच दिसते, फोटो छान येतो, पण हौसिंगचं नाक (शाफ्ट जोडतो तो भाग) फिरतं आणि दोन्ही फ्लँज समांतर राहत नाहीत. उचलायचीच असेल तर पाट्याखाली पाचर घालून कोन परत जुळवून घ्यावा लागतो, आणि हे काम अंदाजाने होत नाही. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं. फोनची कड साफ केलेल्या फ्लँजच्या सपाट भागाला टेकवा, आकडा लिहा, मग दुसऱ्या फ्लँजला टेकवा. फरक एक अंशाच्या आत हवा.

मी हे मोजलं. मधल्या शाफ्टला फरक जेमतेम अर्धा अंश आला. झालं! म्हणजे कोनही ठीक, ग्रीसही ठीक, आणि क्रॉस मात्र जातोय. त्या दिवशी खरंच गाडी विकून टाकावी असं वाटलं.

शेवटी सापडला तो रबराचा तुकडा

मी उभ्या गाडीचा कोन मोजला होता. क्रॉस तुटतो तो ओढणाऱ्या गाडीत.

जिप्सीचा ट्रान्सफर केस तीन रबरी फाउंडेशनवर बसतो. इंजिनचा जोर मधल्या शाफ्टमधून त्याच्यात येतो तेव्हा तो अंग पिळून उलटायला बघतो, आणि त्याला धरून ठेवण्याचं काम ही तीन रबरं करतात. वरून बघितलं तर माझी तिन्ही रबरं जागेवर होती. मिस्त्रीकाकांनी एक साधी युक्ती सांगितली. मोबाइल व्हिडिओ चालू करून गाडीखाली विटेला टेकवून ठेवला, कॅमेरा ट्रान्सफरकडे. कुणीही गाडीखाली किंवा पुढेमागे उभं राहायचं नाही, हे आधीच ठरलं. सपाट जागा, चारही चाकांना गुटके, ब्रेकवर पाय पूर्ण दाबलेला. पहिला टाकून क्लच अगदी हळू, गाडी नुसती ताण घेईल इतपतच सोडला आणि लगेच दाबला. मग रिव्हर्समध्ये तेच. दोन-दोनदा, जास्त नाही, उगाच क्लच जळतो.

व्हिडिओ बघितला आणि हसावं की रडावं कळेना. पहिला टाकला की ट्रान्सफर एका बाजूने चांगला बोटभर उचलला जात होता, रिव्हर्स टाकला की धप्पकन खाली बसत होता. एका फाउंडेशनचं रबर धातूच्या पट्टीपासून सुटलं होतं. गाडी उभी असताना ट्रान्सफरच्या वजनाने ते आपल्या जागी दाबून बसायचं, म्हणून डोळ्यांना धडधाकट दिसायचं. टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटलं तर पोळी तव्यावरून सुटावी तसं सुटून आलं.

मधला शाफ्ट आखूड असल्याने हा उचल त्याला फार महाग पडतो. तीन फुटी शाफ्टचं एक टोक १ सेंटिमीटर वर गेलं तर कोन अर्ध्या अंशाहून थोडाच जास्त बदलतो, एक फुटी शाफ्टला तोच सेंटिमीटर जवळपास दोन अंशांचा पडतो. त्यातून माझा ट्रान्सफर सरळ नाही, वाकडा उचलला जात होता. म्हणजे फ्लँज समांतर राहणंही गेलं. दर वेळी क्लच सोडला की क्रॉसला आडवा फटका. आणि सफारीत क्लच किती वेळा सोडतो आपण? कुणाला हरीण दिसलं, थांबा. कुणाला पंजाचा ठसा दिसला, मागे घ्या.

तिन्ही रबरं एकत्र बदलली. एकच नवं टाकलं तर जुनी दोन मऊ असल्याने जोर त्या नव्यावरच येतो. नवा क्रॉस त्याच दिवशी बसवला. त्यानंतर एक अख्खा सीझन आणि हा अर्धा गेला, क्रॉस तोच आहे. मागे वळून बघितलं तर गाडी पूर्वीपासून सांगत होती. पहिला आणि रिव्हर्स टाकताना येणारा ‘धप्’ मी क्रॉसचा समजत होतो, पण क्रॉस वाजतो तो ‘टक्’ असा, धातूवर धातू. ‘धप्’ असा बसका आवाज आला तर रबराकडे बघा.

ग्रीस आणि धुलाई

सफारीवरून आल्यावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी खालून धुणं हा आमच्याकडचा नित्यनेम. धूळ जाते, समाधान वाटतं. पण ती नळी थेट क्रॉसच्या कपावर धरली की पाणी सीलमधून आत शिरतं आणि सुया रातोरात गंजायला लागतात. शाफ्टवर पाणी लांबूनच मारा. आणि ग्रीस धुलाईनंतर भरा, आधी नाही, म्हणजे शिरलेलं पाणी ढकलून बाहेर येतं. पावसात नाला ओलांडला, पाणी शाफ्टपर्यंत आलं, तर त्याच दिवशी भरा, रविवारची वाट बघू नका.

ग्रीस लिथियमचं, ईपी २ दर्जाचं. हाताची ग्रीसगन वापरा. हवेच्या गनचा दाब एवढा असतो की सील उलटतं आणि तुम्हाला कळतही नाही. निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) आधी चिंधीने पुसा, नाहीतर त्याच्यावरची धूळ तुम्हीच आत ढकलताय. आणि खरी गोष्ट ही की किती दाबलं यावर मोजायचं नाही. चारही कपांच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागोमाग नवं दिसेपर्यंत भरायचं. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर सोडून देऊ नका, कारण जाणार तोच कप. त्याच्या उलट बाजूने शाफ्ट हाताने किंवा टॉमीने दाबून धरा आणि परत पंप मारा, बहुतेक वेळा वाट मोकळी होते. तरीही येत नसेल तर तो क्रॉस पुढच्या मंगळवारी उघडायच्या यादीत घाला.

सरकत्या जोडालाही निप्पल असतं, ते लोक विसरतात. तो कोरडा पडून अडकला तर हौसिंग वर-खाली होताना शाफ्टला लांबी बदलता येत नाही आणि सगळा रेटा क्रॉसवर आणि ट्रान्सफरच्या बेअरिंगवर जातो. पण इथे उलट काळजी घ्या. भसाभस भरलं तर आत ग्रीसचाच ठोकळा होतो, शाफ्ट आखूड व्हायला जागा राहत नाही आणि टोकाची टोपी उडते. दोन-चार पंप पुरेत.

काही क्रॉसना निप्पलच नसतं, ते कारखान्यातून बंद करून येतात. ते वाईट असतात असं नाही, मध्ये भोक नसल्यामुळे क्रॉस उलट जरा भक्कम असतो. पण धुळीत आणि पाण्यात रोज फिरणाऱ्या गाडीला मी निप्पलवालाच घालतो.

बसवताना

मंगळवारी कोअर बंद असतो, तोच आमचा पोळा. एक धोका आधी सांगतो. शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअर धरून ठेवत नाही, चाकं मोकळी होतात. ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर असतो त्यांचा हँडब्रेकही मागच्या शाफ्टबरोबर गेला. म्हणून गुटके आधी, पाना नंतर. मधला शाफ्ट ओढताना गिअरबॉक्सकडून थोडं ऑइल सांडतं, खाली भांडं ठेवा.

जुना क्रॉस काढायला आधी कप जागेवर धरणारी लॉक काढा. निघत नसतील तर कपावर मधोमध एक टोला द्या, लॉकवरचा ताण सुटतो. मग वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचा सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी, आणि दाबत जा. हातोडीने ठोकूनही निघतो, पण योकच्या कानावर मारलंत तर कान वाकतो. कान केसभर वाकला तरी नवा क्रॉस आत जखडून बसतो आणि टोकावर ओरखडे पडायला सुरुवात होते. योकची भोकं आणि लॉकची खाच तारेच्या ब्रशने लखलखीत करा. खाचेत राहिलेला मातीचा खडा लॉक पूर्ण बसू देत नाही, आणि अर्धवट बसलेलं लॉक एक दिवस उडतं.

नवा क्रॉस आणताना जुना कप खिशात घेऊन जा, दुकानात व्हर्निअरने कपाचा व्यास आणि लॉकपासून लॉकपर्यंतची लांबी मोजून घ्या. ‘जिप्सीचाच आहे’ या बोलण्यावर घरी आलेलो मी दोनदा परत गेलोय.

बसवण्यात खरी मेख सुयांची. कप उघडलात की आधी सुया मोजा, चारही कपांत सारख्या हव्यात. त्या ग्रीसमध्ये उभ्या चिकटून राहतात. एक जरी आडवी पडली की ती कपाच्या तळाशी झोपते आणि कप तेवढा वर राहतो. त्यामुळे पहिला कप योकमध्ये थोडा दाबल्यावर क्रॉसची दांडी लगेच त्या कपात सरकवून धरा, म्हणजे सुयांना पडायला जागाच राहत नाही. मग समोरचा कप. दोन्ही बाजूंनी बोटांनी क्रॉस हलवत, मोकळा फिरतोय ना हे बघत दाबत जा. शेवटी एका बाजूचं लॉक बसायला केसभर जागा कमी पडतेय असं दिसलं तर वाइस आणखी आवळू नका. ‘गाडी चालली की बसेल’ असं म्हणणारा मिस्त्री मला भेटलाय. तो बसत नाही. कप काढा, तळाशी आडवी सुई सापडेल.

लॉक बसल्यावर क्रॉस हाताने फिरवा. जड जात असेल तर योकच्या कानांच्या मुळाशी पितळी रॉड ठेवून हलका टोला द्या, कप बाहेरच्या बाजूला लॉकला टेकतात आणि क्रॉस सैल होतो. एका बोटाने, थोड्या रोधासह, सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. एका जागी अडखळत असेल तर परत उघडा. निप्पल ग्रीसगन पोचेल अशा बाजूला आहे ना, हे शाफ्ट वर चढवण्याआधी बघा. ही चूक सगळे एकदा करतातच.

पांढऱ्या रेघा जुळवून शाफ्ट चढवा, फ्लँजचे चार बोल्ट कोपऱ्याला कोपरा असे आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. जीपसारख्या ज्या गाड्यांत कप यू-बोल्टने धरलेला असतो तिथे ताकद दाखवू नका, जास्त आवळलेला कप लंबगोल होतो आणि सुया चिमटल्या जातात. ५० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासा, क्रॉसलाही परत ग्रीस द्या.

आणि डांबरी रस्त्यावर फोर-एच नको. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे हा फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. मातीत चाकं घसरून तो सोडतात, डांबरावर सोडत नाहीत. मोहर्लीहून चंद्रपूरला हब लॉक आणि फोर-एच ठेवून जाणारे मी बघितलेत.

गाडी जंगलात अडकली तर

मधला तुटला तर काही उपाय नाही, दोर. मागच्या किंवा पुढच्या शाफ्टचा क्रॉस गेला तर मात्र गाडी स्वतःच्या पायांनी बाहेर येते. पुढचा गेला असेल तर टू-एच आणि हब फ्री, तो शाफ्ट फिरणारच नाही. मागचा गेला असेल आणि गाइड व वनविभागाच्या माणसांनी सुरक्षित जागी उतरू दिलं, तर तो शाफ्ट दोन्ही फ्लँजवरून खोलून गाडीत टाका. लटकता ठेवू नका, फिरताना टाकी किंवा ब्रेकचा पाइप फोडतो. हब लॉक करा, फोर-एच टाका आणि नुसत्या पुढच्या चाकांवर हळू चालवत या. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस देऊ नका, सगळा भार चाकापाशी असलेल्या सीव्हीवर असतो. मागचा शाफ्ट नसल्यामुळे पीळ साठत नाही, त्यामुळे गेटच्या पुढे डांबरावरूनही गॅरेजपर्यंत असंच जाता येतं. त्यासाठी सीटखाली फ्लँजच्या मापाचे दोन पाने, दोन जादा बोल्ट-नट आणि जाड कापडात गुंडाळलेला एक क्रॉस मी कायम ठेवतो. क्रॉस अजून लागला नाही, बोल्ट मात्र दुसऱ्यांनीच मागून नेले.